भंगारातले तीन रेझर: धुणं, उकळणं आणि दांड्यातला तडा

भुसावळमधला एक तरुण, तिशीच्या आतला, आयटीआयमधून टर्नर झालेला. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करून त्याच्या गळ्याखाली केस आत वळायचे, त्याचे फोड व्हायचे, फोडांचे काळे डाग राहायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी एका पात्याचा रेझर वापरून बघायला सांगितलं. नवा घेण्याऐवजी त्याने भंगारवाल्याकडून पत्र्याच्या डब्यातले तीन जुने सेफ्टी रेझर वजनावर उचलले आणि ते घेऊन तो माझ्या लॅबमध्ये आला. मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. त्याची मागणी एकच होती: "काका, तुमच्या ऑटोक्लेव्हमधून एकदा काढून द्या ना."

मी नाही म्हटलं. लॅबचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र, लॅबच्या कामासाठी असतो, त्यात जंतू वाढवलेल्या कल्चरच्या प्लेटा जातात. तोंडाला लावायची वस्तू त्यात टाकणं बरोबर नाही. पण मुख्य कारण वेगळं होतं. मळलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालत नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम. साबणाचा आणि त्वचेचा थर पृष्ठभागावर असला तर वाफ त्याच्याखाली नीट पोचत नाही, आणि उष्णतेने त्यातली प्रथिनं गोठून तो थर आणखी घट्ट बसतो. जंतुनाशकाचंही तेच. ते जिथे लागतं तिथेच मारतं. म्हणून जुन्या रेझरच्या बाबतीत "कशाने निर्जंतुक करू?" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की त्यावर काय साचलंय, आणि ते कोणत्या धातूवर साचलंय. हे सगळं प्रकरण मी लिहून ठेवतोय ते याचसाठी, कारण लोक या दोन प्रश्नांची उत्तरं न शोधता थेट बाटलीकडे धावतात आणि वस्तूही जाते, घाणही राहते.

डब्यात काय होतं

पहिला रेझर देशी बनावटीचा, तीन भागांचा: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. दुसराही तीन भागांचाच, पण जिलेटचा, पट्टीच्या खालच्या बाजूला 'मेड इन इंग्लंड' कोरलेलं. तिसरा दांड्याच्या बुडाची चक्री फिरवली की वरची दोन दारं उघडतात तसल्या प्रकारचा, सोनेरी मुलाम्याचा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात असा इंग्लिश माल भंगारात निघणं नवलाचं नाही. इथे रेल्वेत अँग्लो-इंडियन कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहिली आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान हळूहळू बाजारात उतरलं. हा डबा मात्र, भंगारवाल्याच्या सांगण्याप्रमाणे, यावलकडच्या एका मळ्यातल्या गोठ्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला होता. पुढे या माहितीला महत्त्व आलं.

किंग कॅम्प जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याची कल्पना अगदी साधी होती: पातळ लवचिक पातं दोन धातूच्या भागांमध्ये दाबून धरायचं, आणि बोथट झालं की फेकून द्यायचं. त्यामुळे रेझरचा सांगाडा दोन-दोन पिढ्या टिकतो आणि पातं दर काही दिवसांनी नवं येतं. जुना रेझर विकत घेण्यात म्हणूनच काही वावगं नाही. कातडीला लागणारी धार नवीच असते. जुनं असतं ते तिला धरणारं पितळ.

माझ्याकडे येण्याआधी झालेलं नुकसान

देशी रेझरचं डोकं त्याने आधीच 'निर्जंतुक' करून टाकलं होतं. घरात ग्रामपंचायतीने टाकीसाठी दिलेली ब्लिचिंग पावडर होती. तिचं दाट पाणी वाटीत कालवून त्याने टोपी आणि पट्टी रात्रभर बुडवून ठेवली. दांडा लांब म्हणून वाटीत मावला नाही, तो वाचला. सकाळी टोपीवर राखाडी चट्टे, त्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि खड्ड्यांच्या कडेला पांढरी भुकटी.

ती टोपी पितळेची नव्हतीच. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव टोपी, वरून निकेलचा पातळ मुलामा. असा मुलामा कुठे विरळ असला की क्लोरीनचं पाणी तिथून आत शिरतं आणि जस्त खायला लागतं. पितळेवर नुसता डाग पडला असता, घासून काही प्रमाणात निघाला असता. जस्तात खड्डे पडले की ते भरून येत नाहीत. आणि खड्डे पडलेली टोपी आधीच्यापेक्षा जास्त घाण धरते, कारण प्रत्येक खड्ड्यात साबण अडकतो. मी ती बाद केली.

ओळखायचं कसं? झिजलेल्या कडेकडे बघायचं. मुलामा गेलेल्या जागी पिवळं दिसलं तर पितळ, मळकट राखाडी दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू. ॲल्युमिनियम हातात हलकं लागतं. त्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी चालत नाही, काळं पडतं. लोहचुंबक घट्ट चिकटला तर तो भाग पोलादी. एवढं बघायला मिनिटभर पुरतं, आणि ते बघितल्याशिवाय कुठल्याच द्रावणाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

ब्लीचबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाशी संबंधित आहे. हेच पाणी ओतून देताना त्याने मोरीत संडास साफ करायचं ॲसिड टाकायचं ठरवलं होतं, सुदैवाने टाकलं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो माणसाला आडवा करू शकतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व ब्लीचमध्ये मिसळणं हेही त्याच जातीचं काम आहे.

भीती कशाची होती, आणि असायला कशाची हवी

घरातून विरोध होता. आई म्हणाली, "कोणाच्या तोंडाचं, काय रोग होता त्याला, तुला काय माहीत?" बायकोने एड्सचं नाव काढलं. ही भीती समजण्यासारखी आहे. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावा, हा प्रचार आपण सगळ्यांनी ऐकलाय आणि तो योग्यच होता.

पण एचआयव्ही शरीराबाहेर, सुकलेल्या पृष्ठभागावर फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बी चिवट आहे, वाळलेल्या रक्तात तो निदान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. हिपॅटायटिस सी साध्या तापमानाला काही आठवडे टिकल्याचं आढळलंय. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडलेल्या रेझरवर या तिन्हींचा धोका उरत नाही. फक्त अडचण अशी की मधल्या काळात कोणी तो हाताळला, दुकानात कोणाचं बोट त्यावर कापलं, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून तो कालच वापरलाय असं धरूनच काम करायचं.

खरोखर टिकून राहणारी मंडळी वेगळी. केसतोड करणारा स्टॅफिलोकोकस कोरड्या पृष्ठभागावर काही महिने जगू शकतो. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या कोंड्याला चिकटून महिनोन्‌महिने राहते आणि ती दाढीच्या जागी बसली तर लवकर हटत नाही. चामखिळीचा विषाणू स्पिरिटला सहज दाद देत नाही. आणि धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूची कवचातली, झोपी गेलेली रूपं. गोठ्याच्या माळ्यावरून आलेल्या वस्तूच्या बाबतीत मला पहिली आठवण त्यांचीच झाली, कारण शेण आणि माती हे त्यांचं घर. लोक म्हणतात गंजलेलं पातं लागलं की धनुर्वात होतो. गंज बिचारा कारण नाही. त्या पात्यावरची धूळ-माती कारण आहे. हे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, स्पिरिटनेही नाहीत. त्यांना घालवायचा घरगुती मार्ग एकच: घासून, धुऊन वाहत्या पाण्याबरोबर काढून टाकणं.

इंग्लिश रेझर उघडताना त्या तरुणाच्या अंगठ्याला आतलं जुनं पातं लागलं होतंच. बारीक चीर, पण खोल. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्याला आठवेना. त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवून टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचा) डोस घ्यायला लावला. आत पातं राहिलेला रेझर उघडताना जाड हातमोजे घालावेत, आणि निघालेलं पातं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकून झाकणावर चिकटपट्टी लावावी. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात ते नागडं जाता कामा नये.

थराखाली

इंग्लिश रेझरची टोपी आणि पट्टी एकमेकांना चिकटून बसली होती. पकड लावायची नाही, असं त्याला बजावलं. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, आणि रात्रभर मुक्काम. सकाळी नुसत्या बोटांनी भाग सुटले.

मधे जे निघालं ते मी बांबूच्या दातकोरणीने काढून काचपट्टीवर घेतलं. वरचा थर पांढरट, खडूसारखा. त्याखाली मेणासारखा हिरवट गोळा, दाबला की नखाला चिकटणारा. आणि पातं टेकतं त्या रेषेवर तांबूस डाग. तिन्हींची कुळं वेगळी.

पांढरा थर आपल्या पाण्याचा. जळगाव-भुसावळ भागात बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकटा तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच हा. हिरवा गोळा म्हणजे पितळेतलं तांबं आणि साबणातली चरबीची आम्लं यांचं लग्न: तांब्याचा साबणच म्हणा. तो दिसला याचा अर्थ तिथे मुलामा फाटलाय आणि पितळ उघडं पडलंय. तांबूस डाग पात्याच्या गंजाचा. पितळ कधी लाल गंजत नाही. स्टेनलेस पाती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. त्याआधीची कार्बन पोलादाची पाती ओली राहिली की एका रात्रीत गंजायची. आत सापडलेलं पातं त्याच जातीचं होतं.

काचपट्टीवरच्या त्या चिमटीभर मळावर मी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्क्यांचे थेंब टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. गजकर्णासाठी त्वचेचा खरवड आम्ही असाच बघतो. भिंगाखाली दाढीचे कापलेले खुंट दिसले, एका टोकाला तिरपा छेद, जणू आत्ताच कापलेत. त्यांच्याभोवती त्वचेच्या पापुद्र्यांचा चुरा, मधून मधून साबणाचे काटेरी स्फटिक. बुरशीचे तंतू सापडले नाहीत. एका काचपट्टीत न सापडणं म्हणजे नसणं असं आम्ही मानत नाही. तरीही त्या तरुणाला मी भिंगातून बघायला लावलं, कारण त्यानंतर त्याने ऑटोक्लेव्हचा विषय पुन्हा काढला नाही. माहीत नसलेल्या कोणाच्या गालाचा चुरा त्या फटीत शाबूत होता, आणि त्यावर नुसतं औषध शिंपडून आपण दाढी करणार होतो, हे त्याला डोळ्यांनी दिसलं.

धुणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि जायलाच हवा.

कोमट पाणी, इतकंच गरम की हात बुडवता येईल. भांड्यांचं लिक्विड. मऊ केसांचा जुना टूथब्रश. अर्धा तास भिजत, मग घासणं, मग वाहतं पाणी, मग पुन्हा नवं साबणपाणी. पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे चक्र चालतं. आट्यांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे जाड सुती दोरा साबणपाण्यात भिजवून आट्यांवरून ओढायचा. दोरा आधी काळा निघतो, मग करडा, मग पांढरा.

खडूसारखे कडक ठिपके उरले त्यांच्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून कापसाच्या काडीने मिनिटभर लावलं आणि लगेच धुतलं. अख्खा रेझर आंबट पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. मुलामा फाटलेल्या जागी आम्ल पितळेला खातं, आणि ती जागा गुलाबी पडते.

आईने मधल्या काळात मदत म्हणून सोनेरी रेझरचा दांडा चिंच आणि राखेने घासायला घेतला होता. देवघरातल्या समया याच पद्धतीने लख्ख होतात, त्यामुळे तिचा हेतू उत्तम होता. पण समई अंगभर पितळ असते. तिचा पापुद्रा निघाला तरी खाली पितळच. रेझरच्या अंगावर निकेल किंवा सोन्याचा जो मुलामा असतो तो केसाहून कितीतरी पातळ. दोन बोटांएवढी जागा घासली गेली आणि तिथे सोनेरीच्या जागी पिवळं दिसू लागलं. पितळ घासायच्या पावडरी, तारेची घासणी, वाळूचा कागद हे सगळं मुलाम्याच्या मुळावर येतं. चकाकी हवी असेल तर ती धुतल्यावर मऊ कापडाने पुसून जेवढी येईल तेवढी घ्यावी.

त्या पिवळ्या डागावर पुन्हा मुलामा चढवता येईल का, म्हणून तो जळगावला सराफ बाजारात गेला. जळगावचं सोनं प्रसिद्ध, आणि तिथल्या कारागिरांकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक यंत्र असतं. कारागिराने रेझर उजेडात धरला आणि म्हणाला, "भाऊ, हाई पितळनं शे, सोनानं नही. मशीनमा टाकं तं जे शे ते बी उडी जाई." त्याचं बरोबर होतं. अल्ट्रासोनिकमध्ये फटीतली घाण सुरेख निघते, पण मुलामा आधीच सुटू लागला असेल तर त्याचे पापुद्रेही त्याबरोबर येतात. शाबूत निकेलच्या रेझरला हे यंत्र मी जरूर सुचवीन. या सोनेरी रेझरला नाही.

तडा

इंग्लिश रेझर स्वच्छ झाल्यावर दांड्यावर, वरच्या टोकापासून खाली, केसासारखी एक उभी रेघ दिसली. आधी मळाने ती बुजली होती. नखाला लागत होती. फुंकर मारली की दुसऱ्या टोकाने हवा येत नव्हती, पण दांडा पोकळ असल्याने पाणी मात्र आत शिरत होतं. झटकला की तड्यातून थेंब बाहेर यायचा.

शेजारचे नाना वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. तिथे बंदुकांची काडतुसं बनतात आणि काडतुसाचं कवच म्हणजे ओढून बनवलेलं पितळ. त्यांनी दांडा हातात घेतला, भिंग मागवलं आणि म्हणाले, "हे अमोनियाचं काम दिसतंय." पितळेत जस्त बऱ्यापैकी असलं, ओढताना-वाकवताना आत ताण राहिला असला, आणि त्यात अमोनियाची हवा लागली, तर ते काहीही न आदळता उभं तडकतं. हा शोध मुळात हिंदुस्थानातलाच. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली की आपोआप तडकायची. पागेतल्या मुताचा अमोनिया दमट हवेत कवचांवर बसायचा. पावसाळ्याच्या हंगामात घडतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं, आणि 1921 साली त्यामागचं नेमकं कारण मांडलं गेलं.

आपला रेझर गोठ्याच्या माळ्यावर होता. गोमूत्राची हवा, आषाढ-श्रावणाची ओल, ट्रंकेत कोंडलेली. नानांचा अंदाज मला पटतो. खात्रीने सांगता येणार नाही, कारण जुन्या पोकळ दांड्यांत घट्ट बसवलेल्या आट्यांच्या ताणानेही असे तडे जातात. पण व्यवहारात निष्कर्ष एकच निघतो: अमोनिया असलेलं काच पुसायचं किंवा पितळ उजळायचं द्रव जुन्या रेझरला लावू नये.

आणि तडा गेलेला दांडा वापरू नये. तो तुटेल म्हणून नव्हे. तसा तो वर्षभर टिकलाही असता. आतल्या पोकळीत साबणपाणी शिरतं, बाहेर येत नाही, सुकत नाही, आणि तिथे ना ब्रश पोचतो ना खात्रीने जंतुनाशक. स्वच्छ करता न येणारी वस्तू निर्जंतुक करता येत नाही. नानांनी डाग देऊन बुजवायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, कारण बाहेरून बुजवलं तरी आतला मळ आतच कोंडला जाणार.

उपाय डब्यातच होता. तीन भागांच्या रेझरच्या आट्या पुष्कळदा एकमेकांना जुळतात. देशी रेझरचा वाचलेला दांडा भरीव पितळेचा होता. तो इंग्लिश डोक्याला बसला, पूर्ण आटे धरून, न डगमगता.

उकळणं, स्पिरिट आणि भुसावळचा मे महिना

आता जंतुनाशकाची पाळी. नानांचं मत सरळ होतं: "उकाळी टाक, बठ्ठं मरी जास." म्हणजे उकळून टाक, सगळं मरतं. बीजाणू सोडले तर ते खरंच आहे, आणि बीजाणूंचा बंदोबस्त आपण धुऊन केला होता.

आईने कुकरचा विचार मांडला. घरच्या कुकरमध्ये शिट्टीखाली साधारण 120 अंशांपर्यंत तापमान जातं, म्हणजे तो लहानसा ऑटोक्लेव्हच. पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूही मरतात. तरी मी तो मार्ग सुचवला नाही. शस्त्रक्रियेची हत्यारं शरीराच्या आत जातात म्हणून त्यांना पूर्ण निर्जंतुकीकरण लागतं. रेझरचा सांगाडा कातडीवरून फिरतो. ती कातडी निर्जंतुक नसते, नळाचं पाणीही नसतं. त्याला चांगल्या दर्जाचं जंतुनाशन पुरतं, आणि ज्या कुकरात वरण शिजतं तो त्यासाठी वापरण्याचं कारण नाही.

इंग्लिश डोकं आणि देशी दांडा, दोन्ही सबंध पितळेचे, म्हणून उकळले. जुनं पातेलं, तळाशी सुती कापड, म्हणजे धातू तळाला आपटून मुलामा उडत नाही. पाणी नळाचं नको, नाहीतर जो चुना काढायला इतका वेळ घातला तोच पुन्हा बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही दुकानात मिळतं. सीलबंद डबा घ्यावा, तो नसेल तर आरओचं पाणी. भाग सुटे करून थंड पाण्यात ठेवायचे आणि मग गॅस लावायचा. उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं. गॅस बंद करून पाण्यातच निवू द्यायचे. गरम धातू एकदम थंड पाण्यात टाकला की मुलामा आणि पितळ वेगवेगळ्या वेगाने आकसतात.

सोनेरी रेझर उकळला नाही. अशा मुलाम्यावर कधी कधी लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तो उकळत्या पाण्यात दुधाळ होतो. शिवाय दारांच्या बिजागऱ्या आणि आतला दांडा सुटा होत नाही. त्याला स्पिरिट. इथे दोन गोष्टी लोक हमखास चुकतात.

पहिली, कोणतं स्पिरिट. मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं असं नाही. 99 टक्क्यांचं जंतूच्या बाहेरची प्रथिनं पटकन गोठवतं आणि उडून जातं, पाणी मिसळलेलं आत शिरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट अजिबात नको, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

दुसरी, किती वेळ. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कापसाने पुसलेलं स्पिरिट त्या हवेत काही सेकंदांत उडतं, आणि जंतू मारायला त्याला ओलं राहून काही मिनिटं लागतात. म्हणून पुसणं निरुपयोगी, बुडवणं आवश्यक. झाकणाच्या काचेच्या बरणीत रेझर पूर्ण बुडवला, आणि द्रवाखालीच चक्री अनेकदा उघड-मीट केली, म्हणजे बिजागरीतली हवा निघून तिथे स्पिरिट शिरतं. वर पहिल्यांदा बुडबुडे आले, मग थांबले. दहा मिनिटं ठेवलं. गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. हे करण्याआधी त्या बिजागऱ्या दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशने दोनदा घासून घेतल्या होत्या, हे सांगायला हवं. नाहीतर चामखिळीच्या विषाणूबद्दल वर लिहिलेलं व्यर्थ जाईल. जे औषधाने मरणार नाही ते ब्रशने गेलेलं असायला हवं.

घराघरात असतं ते पाण्यात दुधाळ होणारं अँटिसेप्टिक इथे मी वापरलं नाही. जखम धुवायला ते ठीक. मळ आणि जड पाणी असलं की त्याचा जोर कमी होतो, आणि त्याचा वास फटीत राहतो.

डब्याच्या आतलं मखमल फाडून काढलं. कापड धुऊन त्याची खात्री देता येत नाही. पत्र्याचा डबा साबणाने धुऊन खान्देशच्या उन्हात दोन दिवस पालथा ठेवला. ऊन जंतुनाशक म्हणून पुरेसं नसलं तरी ओल घालवायला त्याच्यासारखं काही नाही.

वापरात

दोन्ही रेझर उघडे ठेवून सुकवले आणि आट्यांवर, चक्रीच्या बुडाशी, लिक्विड पॅराफिनचा एकेक थेंब दिला. मेडिकलमध्ये बद्धकोष्ठासाठी मिळतं तेच. खोबरेल तेल नको, ते कालांतराने खवटतं आणि चिकट होतं.

पातं लावून दोन्ही बाजूंनी ते सारखं बाहेर आलंय का हे उजेडात बघितलं. कधीतरी पडलेल्या रेझरची पट्टी वाकलेली असते. मग एका बाजूने पातं जास्त डोकावतं आणि तीच बाजू कापते. दोष पात्यावर जातो. इंग्लिश डोकं सरळ होतं.

पहिल्या आठवड्यात गळ्यावर लाली आली आणि घरात पुन्हा 'जंतू' हा शब्द निघाला. लाली सगळीकडे सारखी होती, केसांच्या मुळाशी पू नव्हता. दाब जास्त पडत होता. कार्ट्रिज दाबून ओढायची सवय असते. एका पात्याच्या रेझरला त्याचं वजनच पुरतं. दाब कमी केल्यावर लाली गेली. ती गेली नसती तर मी निकेलची ॲलर्जी तपासायला सांगितली असती. घड्याळाच्या पट्ट्याने किंवा बनावट दागिन्याने ज्यांना खाज सुटते त्यांना निकेलचा मुलामा झिजलेला जुना रेझर त्रास देऊ शकतो, आणि ती खाज कुठल्याही जंतुनाशकाने थांबत नाही. काही महिन्यांनी तो आला तेव्हा गळ्याचे फोड जवळजवळ बंद झाले होते. केस आत वळण्याला बहुपात्यांची खोलवर कापणी हे एक मोठं कारण असतं, आणि ते कारण दूर झालं.

रोजची देखभाल थोडकी आहे. दाढी झाली की रेझर उघडून धुणं, झटकणं, मोरीऐवजी हवेशीर जागी ठेवणं. महिन्यातून एकदा टूथब्रश आणि साबण.

त्याच भेटीत त्याने सहज सांगितलं की धाकटा भाऊही हाच रेझर वापरतो, पातं मात्र वेगळं लावतो. इतकी काळजी घेतलेल्या घरात हे चालू होतं. दाढी करताना बारीक चिरा पडतातच, आणि पातं बदललं तरी टोपीच्या आतल्या बाजूला कालचं रक्त राहू शकतं. हिपॅटायटिस बी सात दिवस टिकतो, हा आकडा ट्रंकेतल्या रेझरपेक्षा एका मोरीतल्या दोन भावांना जास्त लागू पडतो. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांना 2011 पासून मिळू लागली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी अनेकांनी ती घेतलेली नसते. दोघांनाही मी तपासणी करून तीन डोस घ्यायला सांगितलं: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. धाकट्याला सोनेरी रेझर मिळाला. मधल्या महिन्यांत तो कपाटात नुसता पडून होता, तरी ब्रश, साबण आणि स्पिरिटची बरणी हे सगळं पुन्हा केलं, आणि मगच त्याने त्यात पातं घातलं.